गोधडीखालचा पलंग

मुलांनो, तुमच्या आजोबांना जळगावच्या दवाखान्यात खोली मिळायला उशीर झाला, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं आता लिहिते.

धुळ्याला लग्नाला गेलो असताना ते मांडवातच पडले. खुब्याचा सांधा तिथेच बदलावा लागला. पंधरा दिवसांनी, घर जवळ म्हणून जळगावला हलवायचं ठरलं, तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. जखम अजून ओली आहे, जंतू शिरला तर नवा सांधा काढावा लागेल आणि या वयात पुन्हा बसवता येईलच असं नाही, म्हणाले.

धुळ्यात पेशंट गेला की खोली आधी औषधाच्या पाण्याने पुसत. मग गादी भिंतीला उभी करत, कपाटाची दारं उघडी टाकत आणि सगळ्यांना बाहेर काढून जंतू मारणारा जांभळ्या प्रकाशाचा उंच दिवा अर्धा तास लावत. दारावरच्या कागदावर वेळ आणि सही. मला ती शिस्त आवडली होती.

जळगावला पोचलो तेव्हा एकच स्वतंत्र खोली नुकती रिकामी झाली होती. चोपड्याची एक सूनबाईही सासऱ्यांना घेऊन त्याच खोलीवर डोळा ठेवून बसली होती. सासऱ्यांनाही ताजे टाके होते, पोटावर. आमचं नाव आधी होतं, पण नावावर कोण विसंबतं? एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तशी मी आत जाऊन घरची धुतलेली गोधडी पलंगभर पसरली. थोड्या वेळाने सफाईच्या मावशींनी दार लावून दिवा सुरू केला आणि दहा मिनिटांत बंदही केला.

मी विचारलं, एवढ्यात झालं? मावशी म्हणाल्या, इथे दहाच मिनिटं. सिस्टर म्हणाल्या, वीस. भिंतीवरच्या फळ्यावर पाऊण तास लिहिला होता. आधीच्या पेशंटला काय झालं होतं, हे विचारल्यावर मावशी सहज म्हणाल्या, पायाच्या जखमेत पू झाला होता.

दिवा बाहेर आणला तेव्हा त्यावर चिकटवलेली इंग्रजी सूचना मी वाचली. जिथे प्रकाश थेट पडतो तेवढंच निर्जंतुक होतं, झाकलेल्या भागावर काही परिणाम होत नाही. प्रकाश पलंगावर पडलाच नव्हता. तो माझ्या गोधडीवर पडला होता. धुळ्यात उभी केलेली गादी रोज पाहूनही मी हे केलं होतं.

मावशींना सांगितलं तर त्या हसल्या. "अक्का, गोधडी तुमनीच शे ना? मंग आते काय? बठ्ठं चांगलं शे." सगळं ठीकच आहे म्हणे.

सिस्टरना म्हटलं, चूक माझी आहे, पण पलंग पुसून दिवा पुन्हा लावा. त्या शांतपणे म्हणाल्या, "आजी, एका खोलीला आम्ही एकदाच लावतो. तुम्हाला नको असेल तर चोपड्याच्या पेशंटला देते."

स्ट्रेचरवरून आजोबा पुटपुटले, "हिच्या नादी लागू नका. माझी तिरडीसुद्धा ही आधी पुसून घेईल."

मी नुसतं नको म्हटलं असतं तर आजोबा सुटले असते आणि त्या पलंगावर सूनबाईंचे सासरे, चोपड्याचे आबा, झोपले असते. सूनबाईंनी पिशव्या उचलल्याही होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. गोधडी टाकलीत कशाला, असं त्यांनी विचारलं.

"तुम्ही खोली घ्याल म्हणून," मी म्हणाले.

सूनबाई पिशव्या खाली ठेवून सिस्टरना म्हणाल्या, आमच्या आबांनाही तिथे नको. आता खोली रिकामी आणि दोन पेशंट कॉरिडॉरमध्ये. सिस्टर चिडल्या, पण त्यांनी मावशींना हाक मारली. पलंगाचे दांडे पुसले, गादी उभी केली, दिवा लावला. किती वेळ, यावर पुन्हा एकमत होईना, तेव्हा सूनबाईंनी मोबाइलवर पाऊण तासाचा गजर लावला.

तेवढ्यात आबांचा ताप चढला. नाव आमचं आधी होतं, म्हणून गजर वाजल्यावर सिस्टर माझ्याकडे पाहू लागल्या. मी मानेनेच हो म्हटलं आणि त्यांनी आबांना आत नेलं.

दोघांच्याही जखमा पुढे भरल्या. त्या दिवशी मात्र दुसरी खोली मिळेपर्यंत आजोबा संध्याकाळपर्यंत स्ट्रेचरवर होते, आणि ते का, हे त्यांनी मला आजवर विचारलेलं नाही.