ओढ्याला पूर आला नाही तर

मुनव्वर परकारांचं इंग्रजी टेक्सासचं होतं, आणि टेक्सास त्यांनी नकाशातही धड पाहिलं नव्हतं.

दाभोळच्या शाळेत इंग्रजीत कसाबसा पास झालेला हा माणूस कुवेतला आला आणि डॉयलसाहेबांचा ड्रायव्हर झाला. साहेब तेलविहिरींवरचे इंजिनियर, टेक्सासमधल्या कुठल्याशा खेड्यातले. सतरा वर्षं रोज अबू हलीफाहून वाळवंटात आणि परत. त्या गाडीतच मुनव्वरभाई इंग्रजी शिकले, नुसत्या कानाने. साहेब एकेक शब्द फणसाच्या चिकासारखा ताणून सावकाश सोडायचे. चारजणांना हाक मारायची तर ‘यॉल’. निघायच्या बेतात असले की ‘फिक्सिन् टू गो’. लांबचं काही दाखवायचं तर ‘ओव्हर यॉन्डर’. समोरून ओळखीची गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न काढता एकच बोट वर. हा तिकडचा सलाम. आणि उद्याचं काही ठरलं की साहेब म्हणायचे, “देवाच्या मनात असलं आणि ओढ्याला पूर आला नाही, तर.”

हे मुनव्वरभाईंना फार आवडलं. इन्शाल्लाच की हे! फक्त ओढा जास्तीचा. त्यांच्याही गावी पऱ्या, म्हणजे ओढाच, भरला की शाळा बुडायची.

यंदा साहेब निवृत्त होऊन गेले. महिन्याभरात दुसऱ्या कंपनीच्या नावावर इकामा, म्हणजे राहायचा परवाना, झाला नाही, तर बिऱ्हाड आवरून गावी जायची पाळी. आणि मुलीचं, रिदाचं, बारावीचं वर्ष. तीन आठवडे असेच गेले. मग अम्गऱ्याच्या एका बांधकाम-सामानाच्या यार्डातून बोलावणं आलं. वायरलेसवरून ट्रेलरवाल्यांना वाट सांगायचं काम होतं.

आदल्या संध्याकाळी रिदा समोर बसली.

“अब्बा, प्लीज, तिथे यॉल म्हणू नका. लोक हसतात.”

“कोण हसतं?”

पालकसभेत अब्बांनी रिदाच्या बाईंना ‘हाउडी, मॅम’ म्हटलं होतं, आणि सगळा वर्ग महिनाभर तिला हाउडी म्हणत होता.

“अगो, त्याच बोलण्यावर तू एवढी मोठी झालीस,” रिदाची आई सुरैया आतून म्हणाली.

पण रिदाने हट्टाने त्यांच्याकडून शाळेतलं चटपटीत इंग्रजी घोटून घेतलं. “आणि इन्शाल्ला नको हं. कंपनीवाल्यांना ते ‘नाही’च वाटतं. डेफिनेटली म्हणा.”

“बेटा, उद्याची खात्री देणारा मी कोण?”

“अब्बा!”

“बरं गो, बरं.”

यार्डाचे इनचार्ज चंद्रहास नेवे नाशिकचे निघाले. “मराठी का तुम्ही? छान. पण वायरलेसवर इंग्रजीच. इजिप्तचे मिसरी, पठाण, नेपाळी, मल्याळी, सगळे आहेत. सुलैबियाहून तीन ट्रेलर येतायत. दोन नंबरचं गेट बंद आहे, त्यांना चारवर वळवा.”

मुनव्वरभाईंनी मनात बिस्मिल्ला म्हटलं, बटण दाबलं आणि रिदाचं इंग्रजी फटाक्यांच्या माळेसारखं सोडून दिलं.

“व्हॉट?” मिसरी म्हणाला.

“अगेन, अगेन!” नेपाळी ओरडला.

पठाणाने तर सरळ हिंदीतच विचारलं, “कौन बोलता है? भागता क्यों है?”

नेव्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मुनव्वरभाईंच्या डोळ्यांपुढे रिदाची वह्यापुस्तकं आली, खोक्यात भरलेली. मग त्यांना धुळीच्या वादळातले डॉयलसाहेब आठवले. पुढचं काही दिसत नसायचं, पण वायरलेसवर साहेबांचा आवाज कसा, गुरं पाण्यावर नेल्यासारखा, बिनघाईचा.

त्यांनी परत बटण दाबलं. “ऑल राइट, यॉल...” आणि दोन नंबर बंद, पुढे या, पाण्याची टाकी ओव्हर यॉन्डर, तिथे उजवीकडे, असं एकेक शब्द ताणत, मध्ये श्वास घेत सांगितलं.

“ओके,” मिसरी म्हणाला. “ओके, बॉस,” नेपाळी. “हां, अब समझा, उस्ताद,” पठाण.

थोड्या वेळाने खिडकीतून तिन्ही ट्रेलर चार नंबरकडे वळताना दिसले.

नेवे हसायलाच लागले. “अहो, हे कुठलं इंग्रजी? काऊबॉय आहात का?”

“ड्रायव्हर आहे, साहेब.”

“उद्या पहाटे पाचला याल? नक्की?”

रिदाचा शब्द जिभेच्या टोकावर आला. पण तो पुढे सरकेना. “देवाच्या मनात असलं आणि ओढ्याला पूर आला नाही, तर येतो.”

“ओढा? अम्गऱ्यात?”

“इन्शाल्ला म्हटलं असतं तर तुम्हाला ‘नाही’ वाटलं असतं.”

“आमची आईसुद्धा देवाला विचारल्याशिवाय उद्याचं बोलत नाही. या पाचला. इकाम्याचे कागद घेऊन या. ओढ्याचं मी बघतो.”

घरी रिदाने दारातच विचारलं, “यॉल म्हणालात?”

“म्हणालो.”

“मग?”

“उद्या पाचला हजर व्हायचंय.”

पहाटे मुनव्वरभाई नमाज पढून खाली उतरले, तर रिदा गॅलरीत उभी. गाडी वळवताना त्यांनी सवयीने स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं. रिदाने इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग कठड्यावरचा हात न काढता तिनेही एक बोट वर केलं.