ढोलीतलं पाणी

आमचे हे डासांच्या खात्यात. गल्लीत सगळे त्यांना 'डासवाला' म्हणतात आणि तेही खुशाल ओ देतात. काम एकच: साचलेलं पाणी शोधायचं, पळीभर पाणी पांढऱ्या ताटलीत घ्यायचं, एक जरी अळी वळवळली तर वरून तेल सोडायचं. टायर, कुंड्या, जंगलाच्या कडेच्या झाडांच्या ढोल्या, काही सुटत नाही. आमची मुलगी डासांच्या तापाने गेल्यापासून ते सुट्टीच्या दिवशीही जातात. घरात मात्र हूं नाही की चूं नाही. मीही विचारत नाही. ताटं वाढते, उचलते.

परवा जेवताना आपणहून बोलले. कॉलेजातल्या एक बाई त्यांना एका ढोलीपाशी भेटल्या होत्या. आत दुर्मीळ टाचणीची पिल्लं आहेत म्हणाल्या. टाचणी म्हणजे चतुराच्याच घराण्यातली, पण काडीसारखी बारीक. ही जात झाडांच्या ढोल्यांमधल्या पाण्यातच वाढते, आता फार थोडी उरलीय. एवढी एक ढोली सोडा, म्हणाल्या.

"मग?"

"सोडली."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कितीतरी महिन्यांनी काहीतरी वाटलं, तेही हे. "आपली पोर गेली आणि तुम्ही किड्यांसाठी पाणी राखून आलात?"

सकाळी मीच तेलाचा डबा उचलून निघाले. त्यांनी अडवलं नाही. शिडी खांद्यावर घेऊन मागून आले, झाडाला लावली आणि खाली धरून उभे राहिले.

मी पळी बुडवली. ताटलीत एक अळी वळवळत होती. म्हणजे तेल ओतायलाच हवं. डब्याचं झाकण काढेपर्यंत ताटलीच्या तळाशी पडलेला एक काटकुळा किडा हलला, त्याने अळी धरली आणि खाऊन टाकली. पुन्हा पळी बुडवली. अळी नव्हतीच.

"हे डासांच्या अळ्या खातात?" मी वरून विचारलं.

"हो."

"मग आपल्या दारात का नव्हते हो हे?"

त्यांनी शिडी आणखी घट्ट धरली. मग म्हणाले, "होते. दारातल्या झाडाच्या ढोलीत. पोर आजारी पडायच्या आधी. एक अळी दिसली म्हणून मीच तेल ओतलं. तेल उडून गेलं, डास परत आले. हे नाही आले."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. ताटलीतलं पाणी किड्यासकट ढोलीत सोडलं, डबा बंद केला, उतरले. त्यांची शिडीवरची मूठ सुटत नव्हती. एकेक बोट धरून मी ती सोडवली.