आधी शाल, मग प्रश्न

अमेरिकेत ज्याला गाडी चालवता येत नाही तो माणूस सामानासारखा असतो. कुणी नेलं तर पोचतो, नाहीतर पडून राहतो. ह्यूस्टनच्या बाहेर लेकीकडे कायमचे राहायला आलो तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात रमले, पण ह्यांना लायब्ररी हवी होती. ती आमच्या वसाहतीच्या टोकावरून दिसायची, फक्त मध्ये सहा पदरी रस्ता होता. पायी ओलांडायला ना पट्टे, ना सिग्नल. हे तरी रोज धोतराचा सोगा सावरावा तशी पँट सावरत पलीकडे जायचे. एकदा एक ट्रक अगदी अंगाला घासून गेला, आणि हे रस्त्यामधल्या गवतावर बसूनच राहिले. त्यानंतर लेकीनं पायी जायला बंदी घातली. आता लायब्ररी फक्त शनिवारी, तीही तिला वेळ असेल तर.

ह्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. बटण दाबलं की गाड्या थांबतील असा एक सिग्नल, बस. फोन करून पाहिले. प्रत्येक ऑफिसनं अदबीनं दुसऱ्या ऑफिसचा नंबर दिला.

ते २००८ साल, निवडणुकीचं. टीव्हीवर जो तो बदल आणणार होता. ज्यांचे केस राजधानीत बसूनच पांढरे झाले, तेही सांगत होते की तिथल्या लोकांना एकदा हलवायला हवं. मी मेथी निवडता निवडता म्हटलं, "अहो, तिथले म्हणजे हेच की."

"मग कोण बदलणार? तू?" हे म्हणाले.

एके काळी मी खरंच निघाले होते. विशीतली, दोन वेण्यांची, जगातलं सगळं कळलेली एक शहाणी मुलगी उघड्या जीपमध्ये उभी राहून आमच्या तालुक्याच्या आमदारासाठी घोषणा देत होती. गृहस्थ कितीतरी वर्षं निवडून येत होते आणि दर वेळी कारभार मुळापासून बदलणार होते. आतला माणूसच आतली घाण काढू शकतो, असं ते म्हणायचे. मला ते इतकं पटलं की ओरडून ओरडून माझा घसा बसला. आईनं तोंडात ज्येष्ठमधाची काडी कोंबली आणि विचारलं, "इतकी वर्षं आतच होते ना गं ते?" तुला राजकारण समजत नाही, असं मी आईला काडी चघळतच सांगितलं. आज ती मुलगी भेटली तर तिला खाली बसवून मेथी निवडायला लावीन.

तर, त्या वर्षी जावई इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. दसऱ्याच्या कार्यक्रमाला त्यांनी आमच्या भागाच्या लोकप्रतिनिधींना बोलावलं. हे साहेबही जुनेच, आणि पुन्हा उभे होते. आधी सत्कार, मग त्यांचं भाषण, मग प्रश्न, असं ठरलं. ह्यांनी आठवडाभर आरशासमोर प्रश्न पाठ केला. इंग्रजीत, नम्र पण ठाम: इतक्या वर्षांत हा एवढासा सिग्नल का झाला नाही?

आता आपल्या लोकांची गंमत बघा. पाहुणा आला की शाल आणि नारळ. शाल कुणी घालायची, तर वयानं मोठ्या माणसानं. शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये सगळ्यांत मोठे हेच निघाले. ह्यांनी साहेबांच्या खांद्यावर शाल पांघरली, दोन्ही बाजू सारख्या केल्या, हातात नारळ दिला. साहेबांनी नारळ कानाजवळ नेऊन हलवला, लोक खूश झाले. मग ते बोलले. राजधानी सडलीये, आपल्याला तिथले सगळे कोपरे माहीत आहेत, म्हणून साफ करू शकू तर आपणच. माझ्या घशात ज्येष्ठमधाची चव आली.

प्रश्नांच्या वेळी माइक ह्यांच्याकडे आला. हे उभे राहिले, त्या शालीकडे पाहिलं आणि साहेब आल्याबद्दल आभार मानून खाली बसले. स्वतःच्या हातानं सन्मान केलेल्या माणसाला चारचौघांत जाब कसा विचारायचा? ते ह्यांच्यानं झालं नाही.

मग मीच माइक ओढून घेतला. लेक "आई, प्लीज" म्हणत राहिली. माझ्या मोडक्या इंग्रजीत आधी रस्त्याचं सांगितलं, मग विचारलं, "तुम्ही एवढी वर्षं आत आहात. तुम्हाला अडवलं कुणी?"

ते अजिबात रागावले नाहीत. छान हसले. "सिस्टिमनं, मॅम. म्हणूनच तर ती बदलायला मी उभा आहे."

टाळ्या पडल्या. साहेबांच्या मदतनीसानं रस्त्याचं नाव विचारून घेतलं. मग जेवणं झाली. श्रीखंड बरं होतं.

गाडीत जावई म्हणाले, "आई, तुम्ही भारी विचारलंत." हे खिडकीबाहेर बघत होते. वळून न बघताच म्हणाले, "मला विचारायचं होतं गं." मी म्हटलं, तुम्ही विचारलं असतंत तरी उत्तर हेच होतं. ह्यांना ते पुरलं नाही. मलाही नाही.

मतदानाला लेकच घेऊन गेली. आम्ही दोघं तेव्हा नागरिक झालो होतो. मी साहेबांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या नव्या बाईला मत दिलं. तिच्याकडून फार आशा होती असं नाही, त्या वयातली आशा आता परवडत नाही. बाहेर आल्यावर ह्यांना विचारलं.

"त्यालाच दिलं," हे म्हणाले.

"त्याला? आणि सिग्नल?"

"तो करणार नाही, माहीत आहे मला. पण त्याच्या माणसाला निदान रस्ता कुठला ते सांगून झालंय. त्या बाईला पहिल्यापासून सांगायला लागेल." कठड्याला धरून हे एकेक पायरी उतरले. "तेवढा वेळ नाही गं आता माझ्याकडे."

ह्यावर मला वाद घालता आला असता. पण लेक गाडीचं दार उघडून उभी होती, आणि हे तिला विचारत होते की वाटेत दहा मिनिटं लायब्ररीत थांबता येईल का.