वीसवालं की सदतीसवालं

आमच्या म्हाताऱ्याला विमानाचं येड लागलं ते लूमचं खातं सुटल्यावर. खातं म्हणजे कारखाना, सुरतेत सगळे तसंच म्हणतात. त्याचे कान त्या खात्यातच गेले. दिवसभर खटाखट खटाखट, घरी आला तरी ओरडून बोलावं लागायचं. डावा डोळाही तिथेच गेला. लूमवरचा धोटा उडाला आणि सरळ डोळ्यावर बसला. पट्टी निघाली तेव्हा बुबुळ पांढरं. जरा बरं वाटलं की पुन्हा लूमवर उभा. काय करणार, पोरगा माझ्या मांडीवर होता. मी टिकल्या चिकटवायला घेतल्या तेही तेव्हाच. साडीवर डिंकाचा थेंब, थेंबावर चमकी, असं दिवस मावळेपर्यंत. बोटांना डिंक असा बसायचा की भाकरी थापताना सोलून निघायचा. असो, दिवस निघाले.

मग खातं बंद झालं. शेठनं लूम भंगारात विकले. म्हातारा ठेकेदाराच्या माणसांबरोबर विमानतळावर गवत कापायला लागला. गवत वाढलं की पाखरं येतात, म्हणून ते कापत राहावं लागतं. तिथल्या कोणी तरी त्याला शिकवलं, हे विमान कोणतं, ते कोणतं. झालं. घरी येऊन जेवताना तेच. तीनशे वीस आलं, सातशे सदतीस गेलं. मी म्हणायची, वरण घ्या आधी.

गुडघे गेले तसा घरी बसला आणि गच्चीवर खुर्ची टाकली. आम्ही बमरोलीत राहतो. थंडीत वारा फिरला की विमानं आमच्याच अंगावरून वर चढतात. बाकीच्या दिवसांत उतरणारी दिसतात, वेसूच्या बाजूला, चाकं खाली सोडलेली. त्याचं बघणं चालू, मी शेजारी साडी घेऊन.

दोन वर्षांपूर्वी उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू आला. आधी तो बोलला नाही. चहा ओतला तो कपाच्या शेजारी. मंदिरातून दुसऱ्याची चप्पल घालून आला, ती पण बाईची. एक दिवस तर ओल्या डिंकाच्या साडीवरच बसला. अख्खी साडी गेली, धोतराला चमक्या लागल्या त्या वेगळ्याच. शेजारीण म्हणाली, "काका, नवरदेव बनी गया!" मला काही हसू आलं नाही.

पोरानं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, लवकर करा, जास्त पिकला तर माझ्या हातात राहणार नाही. हा घरी आला आणि खुर्चीत बसला, तो उठेचना.

"एकच डोया शे. त्यावर मी सुरी फिरू देणार नही," म्हणाला. आमच्या अहिराणीत डोळ्याला डोया म्हणतात.

"तुम्हले दिखत नही, तो डोया काय कामना?"

"माले सगळं दिखस. आत्ते गया ते वीसवालं व्हतं. तू सांग, तुले दिखनं का?"

मला काय कप्पाळ दिसणार? मला सगळी विमानं सारखी. पांढरं पोट, दोन पंख, मागे शेपूट. मग तोच म्हणाला, "मी एक इमान चुकनू ते दवाखानामा येसू. पण चूक तू पकडानी."

घ्या! म्हणजे त्याच्या डोळ्यासाठी आता मी विमानं शिकायची. चौथीच्या आत शाळा सुटलेली बाई मी.

पण शिकले. सुनेनं मोबाइलवर फोटो मोठे करून दाखवले. सून इथलीच, सुरतेत जन्मलेली, तिची अर्धी भाषा गुजराती. वीसवाल्याचं नाक गोल, लाडवासारखं. सदतीसवाल्याचं जरा टोकदार. वीसवाल्याची शेपूट पाठीवरून एकदम उभी राहते. सदतीसवाल्याला शेपटीच्या बुडाशी एक पायरी असते, तिथून ती वर चढते. आणि सदतीसवाल्याच्या चाकांना बाहेरून झाकण नसतं. चाकं पोटात गेली तरी खालून दोन काळे गोल दिसतात. हे मला पटकन समजलं. म्हटलं, दोन टिकल्याच की या, चिकटवलेल्या.

पहिल्याच दिवशी मी पकडलं त्याला. सकाळी निळ्या शेपटीचं गेलं, त्याला त्यानं वीस म्हटलं. दुपारी निळ्याच शेपटीचं गेलं, त्याला म्हणाला सदतीस.

"चुकनात!" मी म्हटलं. "दोन्ही निळा व्हतात. उठा, चला दवाखान्यात."

तो असा हसला की मला त्याच खुर्चीवरून ढकलावंसं वाटलं. "इतला वरीस साड्या कऱ्यात तू, आनि रंग पाहस? ते मॅचिंग शे. डिझाइन पाह्य, डिझाइन!"

खाली सून पण हसली. आणि खरंच, माझीच चूक. एका डिझाइनच्या सहा रंगांत साड्या येतात, त्याला सगळा बाजार मॅचिंग म्हणतो. गठ्ठा सोडला की आधी डिझाइनचा नंबर बघायचा, रंग मागून. आयुष्यभर मी तेच केलं आणि विमान दिसलं की रंगावर गेले. वीस, सदतीस हे डिझाइनचे नंबर. निळा, लाल हे मॅचिंग. त्या दिवसापासून मी रंगाकडे बघणं सोडलं.

पण तो हातात सापडेना. दहातली आठ-नऊ बरोबर सांगायचा. चुकला तरी कबूल करायचा नाही. मी म्हणायची, पोटात दोन गोल होते. तो म्हणायचा, सावली व्हती. मी म्हणायची, शेपटीला पायरी होती. तो म्हणायचा, तुन्हा चष्मा पूस. सून मोबाइल घेऊन वर यायची, वरून कोणतं विमान चाललंय ते त्यात लिहून येतं, "बाबा, जुओ ने, सदतीसच लख्युं छे."

"मोबाइलले काय समजस? त्यानी कधी गवत काप्यं का तठे?"

आता याच्याशी काय बोलायचं? दोन विमानं इतकी एकसारखी केली कशाला, मला हेच कळत नाही. घडवणाऱ्यांनी एकाला तरी शिंग लावायचं होतं. पूर्ण थंडी मी मान वर करून घालवली. मानेला पट्टा लागला, तेल संपलं, माझ्या टिकल्या वाकड्या पडायला लागल्या. साड्या देणारा ठेकेदार म्हणाला, "मावशी, ध्यान कहाँ है?" त्याला काय सांगू, आकाशात आहे म्हणून?

आणि तिकडे मोतीबिंदू पिकतच होता. रात्री तो भिंतीला हात लावून मोरीत जायचा. मी झोपल्याचं सोंग करायची.

मग तो दिवस आला. दुपारचं जेवण झालं होतं. एक विमान येताना मला दिसलं, बारकं, पंख पाठीवर बसवलेले, आणि पुढे दोन मोठे पंखे गरगर फिरणारे. आवाजसुद्धा वेगळा, घरघर करणारा. हे पंखेवालं तर शेंबडं पोरगं पण ओळखेल. याला ना पायरी बघायची गरज, ना पोट.

म्हाताऱ्यानं मान वर केली. आकाशाकडे बघून एकदम ऐटीत म्हणाला, "वीसवालं. रोजना टाइमवर उनं."

मी साडी खाली ठेवली. टाइमवर आलं म्हणे! हा माणूस विमान बघतच नव्हता. ऊन कुठं पडलं त्यावरून वेळ काढायचा, वरती काही तरी हललं की त्या वेळेचं विमान सांगून मोकळा व्हायचा. रोजची ठरलेली विमानं, बरोबर निघणारच. आणि मी इथं शेपट्या बघून मान मोडून घेत होते. इतका राग आला मला. चांगलं ओरडून बोलणार होते, तोंडापर्यंत आलं होतं. पण तो अजून वर बघत होता, विमान गेलं त्याच्या उलट्या बाजूला.

"त्याले पंखा व्हतात," मी कानाजवळ जाऊन म्हटलं.

"पंखा?"

"दोन. मोठा मोठा."

सावली होती म्हणाला नाही, चष्मा पूस म्हणाला नाही. धोतराच्या टोकानं डोळा पुसला, पुन्हा वर बघितलं. मग म्हणाला, "एकच डोया शे व. गया ते?"

"आत्ते तरी कोठे शे?" मी म्हटलं. गोड बोलायला मला कधी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच सदरा घालून दारात उभा राहिला. बटणं खालीवर लावलेली, ती मी नीट केली. रिक्षात माझं मनगट धरून बसला ते ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत सोडलं नाही. नर्स म्हणाली, "काका, बेनने तो छोडो." मी बाहेर बाकावर बसले. त्या दिवशी जे वाटलं ते सांगण्यासारखं नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, उशीर केलात, पण झालं नीट.

नीट झालं म्हणजे कसं, तर आता त्याला जाळी-जळमटं दिसतात. भांड्याला लागलेली राख दिसते. माझ्या साडीवरची सुटलेली टिकली लांबून दिसते. आणि विमानं तर विचारू नका. परवा मला हाक मारून वर बोलावलं, गुडघे धरत धरत मी चढले, तर म्हणतो, वीसवाल्यात पण दोन जाती आहेत, एक वीस आणि एक एकवीस. एकवीस जास्त लांब, त्याची दारं वेगळी.

"आत्ते गया ते कोणतं व्हतं, सांग!"

मी म्हटलं, "तुम्हले डोया शे ना आते? तुम्हीच मोजा दारं."

आणि खाली आले, डिंक वाळत होता.