मावशींचा सेल वाढला

मावशी कुठलीही गोष्ट संपू देत नसत. म्हणजे तोंडाने. डब्यात मीठ नसलं तर मीठ ‘वाढलं’, बांगडी फुटली तर ‘वाढली’, कंदील मालवायचा तर तो ‘मोठा कर’. ‘संपलं’, ‘विझलं’, ‘बंद पडलं’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. आपल्याकडच्या जुन्या बायका असं बोलतातच, पण इतकं कडक पथ्य दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. मी त्यांना ‘वाढीव मावशी’ म्हणायचो. त्या मला ‘शेठ’ म्हणायच्या, आणि त्यात मानापेक्षा चिमटाच जास्त असायचा.

मी कसला शेठ? खंडाळ्याच्या पॉइंटवर मक्याची कणसं भाजून विकलेला माणूस. कुणी हात दिला नाही. घासाघीस करत करत पवनानगरला धरणाकाठी भाड्याचे तंबू लावले आणि चुलीपाशी मावशींना बसवलं. पहिल्याच शनिवारी त्या चुलीपासून ओरडल्या, “शेठ, पिठलं वाढलं!” पुण्याहून आलेली मंडळी ताटं घेऊन पंगतीला बसली. पातेलं रिकामं! मी मावशींवर खेकसलो. त्यांच्यावर काही परिणाम नाही. “पेटत्या चुलीपाशी त्यो शबुद मी काढायची न्हाई. तू काढ. तुझं त्वांड हाईच तसलं.”

त्याच चुलीपाशी एकदा भोवळ येऊन त्या पडल्या आणि त्यांच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसला. मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून तपासणीच्या तारखा घेण्याचं काम माझ्याकडे आलं. तळेगावच्या एका हॉस्पिटलात मशीन तपासणारा माणूस ठरावीक दिवशीच यायचा आणि त्याची तारीख भांडल्याशिवाय मिळायची नाही. भांडणात मी कुणाला हार जात नाही.

तो माणूस मावशींच्या छातीवर एक चपटी वस्तू ठेवायचा आणि समोरच्या पडद्यावर बघत ठोके कमीजास्त करायचा. तेवढा वेळ मावशींची नखं माझ्या मनगटात रुतलेली असायची. एकदा तो म्हणाला, “मावशी, रात्रीचे ठोके जरा कमी, साठवर ठेवू. सेल जास्त दिवस पुरेल.”

मावशी पांढऱ्याफटक. “शेठ, ह्यो कमी करतोय!”

मी लगेच सौद्यावर उतरलो. “सत्तरचे एकदम साठ? पासष्टवर मिटवा.”

“काका, हा काय तंबूचा भाव आहे?” तो हसला. पण पासष्टवर मिटलं.

परत येताना जीपमध्ये मावशींनी खांद्याखालचं मशीन चाचपलं. मग म्हणाल्या, “आत कुणीतरी दार वाजवतंय, शेठ. वाजवतंय त्याचं भ्या न्हाई. पर त्ये... म्हंजे त्ये वाढलं तर?” मी काहीतरी थट्टा केली. हसलो एकटाच.

पुढे काही वर्षांनी तोच माणूस म्हणाला, सेल उतरत आलाय, बदलावा लागेल. मध्येच चक्कर आली तर त्याच दिवशी फोन करा. चक्कर आली तेव्हा मी लोणावळ्यात ताडपत्रीवाल्याशी हुज्जत घालत होतो. मावशींनी स्वतःच हॉस्पिटलला फोन लावला. “बाळा, माझा सेल वाढलाय.”

“वाढलाय? अरे वा, छान!” पलीकडची मुलगी म्हणाली. “मग दिवाळीनंतरच्या तपासणीला या.”

संध्याकाळी मावशींनी मला एवढंच सांगितलं, “तारीख भेटली. दिवाळीनंतरची.” मला वाटलं, नेहमीचीच असेल.

दोन-तीन दिवसांनी पाहिलं, तर त्या तंबूची दोरी धरून उभ्या. चेहरा राखेसारखा.

“चक्कर येतेय?”

“येती जरा. सांगितलंय की फोनवर, सेल वाढलाय म्हून.”

“आणि ती काय म्हणाली?”

“छान म्हनली.”

मावशींना जीपमध्ये घातलं आणि निघालो. कामशेतजवळ ट्रक आडवे लागले होते. हॉर्नवर एक हात आणि दुसऱ्या हातात त्यांचं मनगट. एक ठोका लागायचा, मग पुढचा वाट बघायला लावायचा. इतकी वाट मी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाची पाहिली नव्हती. “मावशी, तिथं गेल्यावर सरळ ‘संपला’ म्हणा,” मी विनवलं. त्यांनी मान हलवली. “म्हनलं की व्हतंय, शेठ.”

काउंटरवर गेल्या गेल्या माझा तोल सुटला. मी ओरडलो, टेबलावर हात आपटला. फोनवरची तीच मुलगी ताठ झाली. “काका, आवाज खाली. पेशंट स्वतः म्हणाल्या बॅटरी वाढली म्हणून. मावशी, तुम्हीच सांगा, काय झालंय?” मी ‘वाढला’चा अर्थ सांगायला लागलो, पण आरडाओरडा करणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं?

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. डोळे मिटले.

“संपला, बाळा. माझा सेल संपला.”

आणि त्या काउंटरला धरूनच खाली घसरल्या.

मग मात्र सगळं धावलं. मशीन बदललं, मावशी वाचल्या. तिथल्या मोठ्या साहेबाने मला केबिनमध्ये बसवून सांगितलं, “पेशंटने माहिती चुकीची दिली.” तो राग अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. चुकीची? अख्ख्या मावळात कुठल्याही चुलीपाशी जाऊन विचारा, वाढलं म्हणजे काय!

घरी आल्यावर मावशींनी खडेमीठ घेऊन स्वतःच्याच तोंडावरून उतरवलं आणि चुलीत टाकलं. तरी त्यांना धीर आला नाही. “त्यो शबुद आता घरात आलाय, शेठ,” त्या म्हणायच्या. वाऱ्याने तंबूचा पडदा फडफडला तरी त्या छातीवर हात ठेवायच्या. नवं मशीन बिनचूक चालत होतं. पुढच्या पावसाळ्यात मावशींना न्यूमोनिया झाला, तेव्हाही ते शेवटपर्यंत दार वाजवत राहिलं.

काही दिवसांनी हॉस्पिटलातून फोन आला. आवाज त्याच मुलीचा. “काका, मावशींची उद्या तपासणी आहे. आणताय ना?”

भांडायची चांगली संधी होती. साहेबाचे शब्द मी तिच्या तोंडावर फेकणार होतो. त्याआधी फक्त एक शब्द बोलायचा होता, आणि माझं तोंड तसलंच, मावशी म्हणायच्या तसं. तरी तो निघेना.

“बाळा,” मी म्हणालो, “आमच्या चुलीपुढचा दिवा मोठा झाला.”

मी अर्थ सांगायला तोंड उघडलं.

“कळलं, काका,” ती म्हणाली.