आखाजीपर्यंतच्या टोपल्या

"आखाजीलोंग दखसू," माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, दादा, माझ्या नवऱ्याला म्हणाले. "एक शनवार जरी टोपली चुकनी, ते तठे केळी लाई दिसू."

म्हणजे आखाजीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत. एका शनिवारी जरी टोपल्या गेल्या नाहीत, तर माझ्या भाजीच्या रानात केळी लागणार. हे सगळं माझ्याच रानाबद्दल, आणि मी दाराआड उभी राहून ऐकतेय! असा राग आला होता मला.

सारंगखेड्याजवळ तापीकाठी आमची जमीन अजून एकत्र आहे. त्यातलं अडीच एकर मी भाजीसाठी मागून घेतलेलं. शहाद्यातली काही घरं हंगामाचे पैसे आधी देतात आणि दर शनिवारी रानात जे निघेल ते टोपलीतून त्यांच्या दारी जातं. भरपूर आलं तर भरपूर, कमी आलं तर कमी. दादांना हे खूळ वाटायचं. चहूकडे केळी आणि ऊस, आणि मध्ये माझी मेथी-पालक. दादा वाईट नाहीत, घर त्यांनीच उभं केलं. पण मला ते रान हवं होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या घरात हे माझं म्हणावं असं दुसरं काही मला मिळालंच नव्हतं. तेव्हा मनाशी ठरवलं, काय वाटेल ते होवो, एकही शनिवार चुकवायचा नाही.

फाल्गुन आला आणि पहिला दणका बसला. खुडणीला येणाऱ्या बाया होळीला डोंगरात आपापल्या गावी गेल्या. त्यांची होळी म्हणजे आठवडाभराचा सोहळा. त्या काळात कोणी कामाला येईल ही आशाच सोडायची. इकडे मेथी फुलावर आलेली, टोमॅटो एकदम लाल झालेले, वांग्यांनी झाडं वाकलेली. मी एकटी किती खुडणार? शेवटी टोपलीवाल्या घरांच्या ग्रुपवर सरळ टाकलं: माल तयार आहे, हात नाहीत, ज्यांना जमेल त्यांनी या.

आल्या किती? तिघी! त्यात एक शहाद्यातली कापड दुकानवाली भाभी. माणसं मूळ राजस्थानची, जैन. कांदा, लसूण, गाजर, बटाटा काही चालत नाही, त्यामुळे तिची टोपली मला वेगळी भरावी लागे आणि दर शनिवारी तिचा फोन ठरलेला. पालक कोवळा नाही, वांग्यात अळी निघाली. ती गाडीतून उतरताना दिसली तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता दिवसभर हिचं ऐका.

पण बाई बसली की वाफ्यात! साडी खोचली आणि दुपारपर्यंत उठली नाही. मेथीचा ढीग बघून म्हणाली, "दीदी, ये सब एक हफ्ते में कौन खाएगा?"

"गुरं खातील," मी म्हटलं.

"पागल हो क्या? सुकाओ!"

मग तिने सांगितलं. त्यांच्या घरी महिन्यात कितीतरी तिथींना हिरवी भाजी चिरतच नाहीत. आणि तिच्या माहेरच्या वाळूत तर उन्हाळ्यात हिरवं औषधालाही मिळत नाही. म्हणून वर्षभराची भाजी आधीच वाळवून ठेवायची. गवार मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून, वांग्याच्या फोडी करून, मेथी सावलीत. वाळवण काय मला नवीन होतं? कुरडया, बिबड्या, पापड आम्हीही घालतो. पण भाजीचं वाळवण टोपलीत घालायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवसापासून आमची स्लॅब जुन्या साड्यांनी भरून गेली. जाऊबाई म्हणाल्या, पाला वाळवतेस, उद्या गवतही वाळवशील. म्हटलं, गरज पडली तर तेही!

होळीचा शनिवार गेला, गुढीपाडव्याचा गेला. चैत्रात पालक संपला. टोपलीत गिलके म्हणजे घोसाळी, दुधी, गवार, पुन्हा गिलके. ग्रुपवर लोक चिडवायला लागले. मीही लिहिलं, उन्हाळा माझ्या बापाचा नाही, गिलक्यांची भजी करा.

आणि आखाजीच्या तोंडावर रानाला वीज देणारी डीपी जळाली. पंप बंद, पाणी बंद. वायरमन म्हणे वरून नवी येईल तेव्हा येईल. उन्हाची झळ अशी की चार दिवसांत गिलक्याचा वेल चुरगळला, गवार काडी झाली. शुक्रवारी रानात फिरले तर एक टोपली भरेल एवढाही हिरवा माल नव्हता. मी बांधावर बसून रडले. खोटं कशाला सांगू, खूप रडले.

नवरा म्हणाला, "पहाटे बाजारातून भाजी आणतो, टोपल्यांत भरू. कोणाला कळतंय? दादांनाही नाही कळणार."

"मला कळेल ना," मी ओरडलेच. "बाजारचीच भाजी द्यायची तर रान कशाला हवं? मग लाव केळी!"

शनिवारी सकाळी मी टोपल्या भरल्या त्या वाळवणाने. मेथी, गवार, वांग्याच्या फोडी, लाल मिरची, सोबत आपल्या रानाचा गहू आणि कढीपत्ता. टेम्पोत चढवत होते तेवढ्यात दादा आले. एक झाकण उचललं.

"हाई भाजी शे?"

"शेतातली शे," नवरा कसाबसा म्हणाला. दादांनी झाकण ठेवलं आणि निघून गेले.

दुपारी ग्रुपवर गडबड उडाली. एकाने लिहिलं, हे काय, किराणा दुकान उघडलं का? ते घर पुढे सुटलंच. पण भाभीने ग्रुपवर आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलं. गवार कशी भिजवायची, वांग्याच्या फोडीत दही कधी घालायचं, सगळं. शेवटी म्हणाली, "जिसको नहीं चाहिए, मेरे घर भेज दो." एकही टोपली तिच्याकडे गेली नाही. संध्याकाळी लोकांनी आपापल्या कढयांचे फोटो टाकले, आणि मी पुन्हा रडले.

आखाजीला पितरांची घागर भरून झाली, आमरसाचं जेवण उरकलं. दादा ओट्यावर टेकले आणि नवऱ्याला म्हणाले, "टोपली काही चुकनी नही. चाल, पुढली आखाजीलोंग दखसू."

नवऱ्याने सुटल्यासारखी मान हलवली. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि बाहेर आले. जेठांशी मी असं कधी बोलले नव्हते.

"नाही दादा," मी म्हटलं. "पुढल्या आखाजीचं नाव काढू नका. मी दरवर्षी परीक्षा देणार नाही. तुमची केळी वाऱ्याने आडवी झाली तेव्हा तुमचं रान कोणी काढून घेतलं होतं का? माझं पीक बुडालं तरी रान माझ्याकडेच राहील."

आत जाऊबाईंच्या हातातली भांडी वाजायची थांबली. मी जागची हलले नाही.

दादांनी नवऱ्याला नाही, मला विचारलं, "मंग आते काय लावशी?"

"भेंडी," मी म्हटलं.