मीठ कोण चाखणार

आमच्या प्रभादेवीच्या घरात माशाचं कालवण आत्या करायची आणि चाखायची मी. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तेविसाव्या वर्षी नवरा गेला, ती माहेरी परत आली, आणि त्यानंतर तिच्या पानात मासा पडला नाही. कोळणीशी घासाघीस तीच करायची, खवले तीच काढायची, आमसुलं किती टाकायची ते तिलाच ठाऊक. फक्त विधवेनं मासा तोंडात घालायचा नाही, म्हणून मीठ बघायला मी. ती पळीतला थेंब माझ्या तळहातावर सोडायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी मान हलवली की पातेल्यावर झाकण. कितीतरी वर्षं मी हे केलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. इंग्रजी शाळेची एवढी फी भरून मी काय शिकले, ते यावरून कळावं.

कॉलेजात गेल्यावर वावगं वाटायला लागलं. पण मी बोलणारी नव्हते. वाक्य मनात इंग्रजीत जुळवायचं, आणि मराठीत बाहेर येईपर्यंत विषय बदललेला असायचा. म्हणून न बोलता करता येईल असं काहीतरी केलं. मासे सोडले. आत्याला मिळत नाही तोवर मलाही नकोत. कोणी विचारलं तर पोट बिघडलंय म्हणायचे, आणि मीठ तेवढं आई बघायची.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे होते. बाबा आणि काका दोघेही फोर्टातल्या कचेरीत कारकून. साहेबापुढे ज्यांचा आवाज फुटत नसे, ते रविवारी मैदानात जाऊन घसा बसेपर्यंत ‘झालाच पाहिजे’ करून येत. मग पाटावर बसून हक्क, अन्याय, दिल्लीनं आमच्या तोंडचा घास कसा पळवला, हे सगळं चाले. आत्या वाढत असे.

अशा एका रविवारी आई बाहेर बसली होती, त्यामुळे चार दिवस स्वयंपाकघर तिला बंद. शेगडीवर हलव्याचं कालवण उकळत होतं. आत्यानं पळी पुढे केली. मी हात मागे घेतला.

“मी मासे सोडलेत.”

“अगं, चाखायला काय होतंय?”

“सोडले म्हणजे सोडले.”

आत्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अंदाजानं मीठ टाकलं. अंदाज चुकला.

पहिला घास घेताच काकांनी पाण्याचा तांब्या उचलला. “अख्खा समुद्र ओतलास की काय गं?”

“चाखायला कोणी नव्हतं,” आत्या म्हणाली. “हिनं मासे सोडलेत.”

त्यानंतर मिठाबद्दल कोणी बोललं नाही.

“कुठल्या बुवाच्या नादी लागलीस?” काका.

“आपल्या घरचं खाणं आता तुला घाण वाटतं का?” बाबा.

दाराबाहेरून आई ओरडली, “लग्नाच्या मुलीनं असलं अभद्र बोलू नये! मासे सोडायला तुझा कोण गेलाय?” आणि एकदम गप्प झाली. आत्या ऐकते आहे हे तिला तेव्हा आठवलं असावं.

मी एकटी काय खाते, याच्याशी खरं तर कोणाला काही कर्तव्य नव्हतं. पण आपल्या पंगतीतलं कोणी पान बाजूला सरकवलं की बाकीच्यांना वाटतं, हिनं आपला निकाल लावला. मग ते ताटाचा प्रश्न घराण्यावर नेतात. तिथे त्यांना ओरडायला सवड मिळते.

“आत्याला मिळत नाही म्हणून सोडले,” मी म्हणाले. एवढंच मराठीत निघालं.

काकांचे डोळे भरून आले. ते सोयीप्रमाणे भरत. “तो गेल्यावर तिनं आपणहून सोडलंय. तिच्या त्यागाची थट्टा करतेस?”

“मी कुठे सोडलं, दादा?” आत्या म्हणाली. “तुम्ही वाढायचं बंद केलंत.”

तिनं पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवलं, त्यात नारळाचं दूध घातलं, एक उकळी आणली. मग पळीतला थेंब स्वतःच्या तळहातावर घेतला आणि सगळ्यांदेखत चाटला. आणखी थोडं दूध घातलं. पुन्हा चाटला.

“आता बरोबर आहे,” ती म्हणाली.

भात निवत होता. बाबा पातेल्याकडे बघत होते, काका बाबांकडे. सात पिढ्यांचा आचार एका बाजूला आणि भूक दुसऱ्या बाजूला. फार वेळ लागला नाही.

“चाखणं म्हणजे काही खाणं नव्हे,” काकांनी घसा खाकरून निकाल दिला. “वाढ.”

दोघांनी दोनदा भात मागून घेतला.

मला वाटलं, मी जिंकले. मागचं आवरताना आत्याकडून शाबासकी मिळेल म्हणून मी तिच्याभोवती घुटमळत राहिले.

“तू सोडलेस, त्यानं माझ्या पानात काय पडलं गं?” ती भांडं घासत म्हणाली. “घरात माणशी एक तुकडी शिजते. तुझी उरते, ती तुझे काका खातात. मोठी आली उपास करणारी! पुढच्या रविवारी आपली तुकडी मागून घे.”

पुढच्या रविवारी कालवण झाल्यावर मी पातेल्यातली माझी तुकडी वाटीत काढून तिच्यापुढे ठेवली. ती शेगडीशी पाट ओढून बसली. बाहेर पंगत मांडून तयार होती.

“किती वेळ चाखतेस गं?” काकांनी हाक मारली. “मीठ बरोबर आहे ना?”

“अजून नीट कळत नाही, दादा,” आत्या म्हणाली आणि मधला काटा काढून बाजूला ठेवला.